ताणकाटा

वाकडेवाडीच्या स्टँडवरून पहाटेची एसटी.
आम्ही तेरा जण, रविवार भाड्याने घेतल्यासारखे.
डिंभ्याचं पाणी खिडकीला लागलं
तेव्हा बहुतेकांच्या माना कलंडलेल्या.
कंडक्टर म्हणाला, खाली गावं आहेत,
आणि चिल्लर मोजायला लागला.

वाट दाखवायला सुगंधा गवारी,
वय एकोणीस, पायात प्लास्टिकच्या चपला,
हातात काही नाही.
आमच्या बुटांचा आवाज तिच्या मागे मागे
जसं लग्नघरी उशिरा पोचलेलं बिऱ्हाड.
हा सुळका कोणता? कुणीतरी विचारलं.
त्याला नाव न्हाय, ती म्हणाली,
तिकडं गुरं जात न्हाईत.
फोनमध्ये मात्र नाव होतं.
आम्ही तिला ते वाचून दाखवलं.
तिने मान हलवली,
पाहुण्यांपुढे हलवतात तशी.

दुपारी तिच्या आत्याच्या पडवीत टेकलो.
शेणाने सारवलेली जमीन इतकी गार
की कुणाला बोलायचंच नव्हतं.
वाळत घातलेला बाळहिरडा, काळा, सुरकुतलेला,
आणि आढ्याला लटकलेला ताणकाटा.
गुरुवारी व्यापारी येतो, तान्हाबाई म्हणाली,
त्याचा काटा त्याच्या मनासारखा बोलतो,
म्हणून आधी आम्ही आमच्याला विचारतो.

मग गंमत म्हणून तिने माझी सॅक अडकवली.
साडेनऊ!
काय वो भरलंय एवढं?
दोरी, मलम, बॅटरी, बदाम, जादा मोजे,
पाण्याच्या तीन बाटल्या.
पाणी? तिने मागच्या झऱ्याकडे बघितलं,
मग माझ्याकडे, मग पुन्हा झऱ्याकडे.

मी सांगून टाकलं,
मीसुद्धा वजनच करते, पोस्टात, पार्सलच्या खिडकीत,
सव्वीस वर्षं ग्रॅम मोजतेय.
तेव्हा पहिल्यांदा ती माझ्यासमोर नीट बसली.
आन् तुमचा काटा कुणाकडं झुकतो?
सरकारकडे, मी म्हटलं.
ती हसली ते पदर तोंडात धरून,
चुलीपाशी गेली तरी खांदे हलत होते.

नागलीची भाकर, हुलग्याचं कालवण.
पैसे देताना आमच्यातल्या एकाने घासाघीस केली,
दुसऱ्याने लाजून दुप्पट दिले.
तिने दोघांचेही घेतले
आणि दोघांनाही सारखंच ताक वाढलं.

पुण्याला आलीय मी, ती म्हणाली,
ससूनला, मालकांना घेऊन, बावीस दिवस.
तुमच्या गावात चढ न्हाय,
तरी दम लागतो बघा.
वाट विचारली की माणूस आधी घड्याळात बघतो.
मालकांचं पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही.
भिंतीवर फोटो होता,
त्याच्या काचेत आम्ही तेरा जण दिसत होतो,
उजेडाकडे पाठ करून जेवणारे.

निघताना तिने वहीत माझा नंबर लिहून घेतला,
मूठभर हिरडा ओंजळीत घातला.
एक तोंडात टाकला तर जीभ आखडली,
कड्याच्या टोकापर्यंत मला एक शब्द बोलता आला नाही.
खाली कोकण पसरलेलं, धुरकट.
बाकीचे हात पसरून उभे, फोटोसाठी.
सुगंधा दगडावर बसून
चपलेतला काटा काढत होती.

परत आल्यावर खिडकी तीच.
पार्सल ठेवायचं, आकडा थरथरतो, स्थिरावतो.
त्या थरथरीत मी आता जरा जास्त थांबते.
मागची रांग कुरकुरते.

आश्विनात फोन आला, अनोळखी नंबर, वारा फार.
पोस्टवाल्या बाई का?
तुमची टोपी इथंच राहिली होती.
बुजगावण्याला घातलीय.
रानडुकरं लांब राहतात, भात वाचला.
पाहिजे तर या घ्यायला.
मी म्हटलं, राहू दे.
बरं, ती म्हणाली, पण याच.
एकट्या या. पाणी आणू नका.